दोनशे बारा चुका

मधली सुट्टी झाली, पोरं भर्रकन मैदानात पळाली आणि बाईंनी डब्याचं झाकण उघडलं, तेवढ्यात टॅबवाला दारात येऊन उभा राहिला. शाळेतले टॅब तपासायला दर गुरुवारी येणारा हा पोरसवदा माणूस. खांद्याला वायरींची पिशवी आणि समोरच्याशी बोलतानाही नजर पडद्यावर. "बाई, एक गंमत दाखवू?" "गमती पुरे झाल्या. तेवढा सात नंबरचा टॅब चार्ज होत नाहीये, तो बघ आधी." पण तो आत आलाच. दुसरीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि बटणच्या गणितांची यादी त्यानं बाईंपुढे धरली. बटण म्हणजे तिसऱ्या रांगेतली ती मुलगी. गणवेशाचं गळ्याजवळचं बटण सदा दातांत, म्हणून वर्गानंच तिला हे नाव देऊन टाकलं होतं. तीन आठवड्यांत तिनं टॅबवर दोनशे बारा बेरजा-वजाबाक्या केल्या होत्या. बरोबर आलेल्या शून्य. "माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, "तेच तर मी फॉर्मवर लिहून दिलंय." "तसं नाही हो, बाई. प्रत्येक गणिताखाली चार उत्तरं असतात ना? डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारात एखादं लागतंच. पन्नासेक तरी बरोबर यायला हवी होती. तुमचं हे डस्टर टॅबवर ठेवलं असतं ना, तर त्यालासुद्धा पन्नास मार्क पडले असते." मग त्यानं पडद्यावरून मान पहिल्यांदाच वर केली. "एवढं चुकायला सगळं यावं लागतं, बाई."

बाईंचा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षं शिकवत होत्या त्या, आणि सव्वीस वर्षांत चुका काय कमी पाहिल्या होत्या? घाईच्या चुका, झोपेतल्या चुका, शेजारच्याच्या वहीतून इमानदारीनं उतरवलेल्या चुका. घरात आदल्या दिवशी भांडण झालेल्या पोराच्या चुका निराळ्या आणि पोट दुखणाऱ्याच्या निराळ्या. चूक दाखवा, पोर कोणतं ते सांगते, असं त्या शिक्षकांच्या खोलीत ऐटीत म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. आणि इथं त्यांच्या नाकाखाली सात वर्षांची एक चिमुरडी रोज चौदा-पंधरा चुका इतक्या बिनचूक करत होती की दोनशे बारा वेळांत एकदाही तिचा हात घसरला नव्हता. टॅबवाल्यानं यादी वर सरकवली. आठ आणि सात, चौदा. तेरातून पाच गेले, सात. वीस आणि नऊ, अठ्ठावीस. जिथं तिथं खऱ्या उत्तराहून एक कमी. एक कमीचा पर्याय नसेल तिथं एक जास्त. "पण का?" बाई म्हणाल्या. "ते मला काय माहीत," टॅबवाला म्हणाला, "मी मशीनचा माणूस." पण त्याच्याही तोंडावरचं आश्चर्य काही लपत नव्हतं. बाहेर मैदानात पोरांचा कल्ला चालला होता आणि त्यातच कुठंतरी ती मुलगी असणार होती.

बाईंना फॉर्म आठवला तो त्यानंतर. फॉर्मवर त्यांनी कालच सही केली होती. 'संख्यांची समज नाही. वर्गाबरोबर चालू शकणार नाही.' स्वतःच्या वळणदार अक्षरात. शहराच्या दुसऱ्या टोकाला संथपणे शिकणाऱ्या मुलांची एक शाळा होती. शाळा चांगली, बाई स्वतः जाऊन पाहून आल्या होत्या, बारा मुलांमागे एक शिक्षक, प्रशस्त खोल्या. ज्यांना तिची गरज होती त्यांचं तिथं भलंच होत होतं. पण तिकडे गेलेलं पोर पुन्हा इकडे आलेलं बाईंनी एकदाही पाहिलं नव्हतं. मुलीची आई परगावच्या इस्पितळात नर्स, महिन्यातून दोनदा येणारी. मुलगी मावशीकडे राहायची. आज चार वाजता मावशी येणार होती. तिची सही, मग मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची सही, आणि सोमवारपासून मुलगी दुसऱ्या बसमध्ये. संपलं. कागद वाचवायचा म्हणून या वर्षापासून चाचण्यासुद्धा टॅबवरच होत होत्या, त्यामुळे कुणी विचारलंच तर दाखवायला दुसरा पुरावाही नव्हता. तोंडी विचारलं तर मुलगी उभी राहायची आणि गप्प. नुसती गप्प. बाई तिच्या बाकापाशी जाऊन पंधरा-वीस सेकंद थांबायच्या, मग घड्याळाकडे बघायच्या, मग "बस" म्हणायच्या. वर्षभर हेच चाललं होतं. आपण तिला किती वेळा "बस" म्हटलं असेल, याचा हिशेब त्या मनात करू लागल्या आणि मध्येच त्यांनी तो सोडून दिला.

"चुकल्यावर पुढे काय होतं रे?" त्यांनी विचारलं. "आवाज येतो. गणित समजावून सांगतो, चाळीसेक सेकंद. मग नवं गणित." टॅबवाला पिशवी आवरत म्हणाला, "माझ्या आधीचं काम आहे ते. इथल्याच कुणीतरी रेकॉर्ड केलंय म्हणे." कुणीतरी! बाईंना हसू आलं. ते कुणीतरी म्हणजे त्याच होत्या. तीन वर्षांपूर्वी टॅब आले तेव्हा शाळेत सगळ्यात जास्त नाक मुरडलं होतं ते बाईंनी. खडूला चार्जिंग लागत नाही, हे त्यांचं वाक्य तेव्हा शाळाभर गाजलं होतं. टॅबांबरोबर जो आवाज आला तो गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या बाईचा वाटायचा. पोरं तो ऐकून खिदळायची, गणित राहायचं बाजूला. मग ठरलं की आपल्या शाळेचा आवाज आपणच भरायचा. पण करणार कोण? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला आणि शेवटी, नाक मुरडण्याची शिक्षा म्हणून की काय, ते बाईंच्याच गळ्यात पडलं. नकाशांच्या अडगळीच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून जाड घोंगडी घेऊन त्या तासभर बोलल्या होत्या. ते झालं आणि विसरल्या. पोरं कानाला हेडफोन लावून बसायची, त्यामुळे त्या आवाजाशी बाईंची पुन्हा गाठच पडली नव्हती.

टॅबवाला गेल्यावर त्यांनी सात नंबरचाच टॅब घेतला, त्याची वायर हलवून हलवून तो सुरू केला आणि पोरांचा तो चिमुकला हेडफोन केसांवरून ओढून कानांवर बसवला. आठ आणि सात. चौदावर बोट ठेवलं. "असू दे," कुणीतरी म्हणालं. "परत बघू या. घाई कुणाला आहे? आठाला दहा व्हायला किती हवेत? दोन. मग ते दोन साताकडून मागून घेऊ. तो देईल, चांगला आहे तो." बाई दचकल्या. कोण ही? इतकं निवांत, इतकं जवळून कोण बोलतंय? आवाजात हसू होतं, खरंखुरं, नुकतंच येऊन गेलेलं. आपल्या ओळखीची एखादी बाई, कदाचित धाकटी मावशी, कदाचित लहानपणच्या शेजारच्या वहिनी, असं कुणीतरी आठवू लागल्या त्या. आणि मग 'सात'मधला तो किंचित लांबलेला आ त्यांच्या ध्यानात आला आणि अंगावर सर्रकन काटा आला. हेडफोन त्यांनी काढून टेबलावर ठेवला. तिथूनही तो आवाज बारीक बारीक येतच राहिला.

रेकॉर्डिंगच्या त्या हिवाळ्यात बाईंचा नवरा बोलायला शिकत होता. वीज कंपनीत खांबांवर चढणारा धडधाकट गडी, मेंदूला झटका आला आणि एका सकाळी उठला तो डावं-उजवं हरवून आणि सगळे शब्द गमावून. चमच्याला खिडकी म्हणायचा, खिडकीला काका. डॉक्टर म्हणाले, शिकवा. मग शाळेतलीच चित्रांची कार्डं घरी नेली आणि रोज सकाळी शाळेच्या बसआधी तासभर दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागली. हे काय? खिडकी. असू दे, परत बघू या, घाई कुणाला आहे. घाई होती, सात वीसची बस होती, भाजी चिरायची होती, पण ते त्याला कळू द्यायचं नाही हे बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आणि गंमत अशी की ते लपवता लपवता घाई खरंच नाहीशी व्हायची. खिडकीतून उजेड टेबलावर यायचा, तो शब्द शोधत राहायचा, कपाळाला आठ्या घालून, आणि बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. ते रेकॉर्डिंग होतं त्या दिवशी सकाळी त्यानं वर्तमानपत्र मागताना ऐटीत "मीठ द्या" म्हटलं, बाईंनी खरंच मीठ आणून दिलं आणि मग दोघं हसून हसून लोळली. तशाच त्या शाळेत आल्या, तशाच घोंगडीखाली शिरल्या. चुकलेल्या मुलाशी काय बोलायचं हे त्यांना कुणी लिहून द्यावं लागलंच नाही. वर्षभरानं दुसरा झटका आला आणि तो गेला. त्याला जवळजवळ दोनशे शब्द परत आले होते. लोक भेटायला आले, गेले. बाई तेराव्या-चौदाव्या दिवशी शाळेत आल्या, फळा पुसला, तारीख घातली. काही गेलं असेल आपल्यातून तर ते घरातून गेलं, असंच त्या धरून चालल्या होत्या. शाळेतूनही गेलंय हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पोरं कशाला सांगतील? त्यांना वाटत असणार, बाई अशाच असतात.

त्यांनी पुन्हा हेडफोन लावला आणि या वेळी बरोबर उत्तरावर बोट ठेवलं. "बरोबर. पुढे." एवढंच. कोरडं, ठसक्यात, दार लावल्यासारखं. मग त्यांना तेही आठवलं. घोंगडीखाली घामाघूम झाल्या होत्या, सगळ्या चुकांचं बोलून झालं होतं, तासाची घंटा घणघणत होती आणि रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "बाई, तेवढं बरोबर आल्यावरचं राहिलंय." दारात उभ्या उभ्या त्यांनी ते दोन शब्द टाकले होते. बरोबर आलेल्या पोराला आणखी काय सांगायचं असतं? शिक्षक सगळे असाच विचार करतात. चुकलेल्यापाशी थांबायचं, बरोबरवाल्याला पुढे ढकलायचं. "अगं बाई!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. रिकाम्या वर्गात तो शब्द जरा जास्तच मोठा झाला. शहाण्या माणसांनी मिळून एक यंत्र बसवलं होतं, त्यात बरोबर आलं की बाई निघून जाते आणि चुकलं की जवळ बसते. तीन वर्षांत शेकडो पोरं त्यावरून गेली आणि कुणालाच त्यातलं काही दिसलं नाही. एकीला दिसलं. आणि ती आपल्या फॉर्मप्रमाणे संख्यांची समज नसलेली.

सुट्टीनंतरचा तास टॅबचाच होता. बाई शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्याचं निमित्त करून तिसऱ्या रांगेच्या मागे जाऊन बसल्या. मुलीची पाठ, दोन घट्ट वेण्या, मानेवर हेडफोनची पट्टी. पडद्यावर गणित आलं. बोट उठलं आणि कसलाही विचार न करता थेट खऱ्या उत्तराच्या वर जाऊन थांबलं. टेकलं नाही, नुसतं तरंगत राहिलं. मग शेजारच्या आकड्यावर सरकलं आणि टेकलं. आणि लगेच खांदे सैल पडले, मुलगी बाकाला टेकून बसली, पाय हलू लागले. चाळीस सेकंद. पुन्हा गणित, पुन्हा बोट आधी तिथंच. एकदाही गल्लत नाही. बाईंना वाटलं, आपण काहीतरी पाहू नये ते पाहतोय. भीतीही वाटली थोडी. सव्वीस वर्षं ज्यांना आपण शिकवतो म्हणतो, ती ही एवढीशी डोकी आत काय काय रचून बसलेली असतात, आणि आपण बाहेरून हजेरी घेत असतो! हातातल्या वहीवर त्यांनी लाल पेनानं काहीतरी खूण केली होती, ती बरोबरची की चुकीची हे त्यांना मागाहून पाहूनही कळलं नाही.

साडेतीनला शाळा सुटली. मावशी येईपर्यंत मुलगी वर्गातच थांबणार होती. बाई तिच्या शेजारच्या बाकावर बसल्या. काय विचारायचं, कसं विचारायचं, हे घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून भलतंच गेलं. "टॅबातली ती बाई कशी आहे गं?" मुलीनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. चोरी पकडली गेली म्हणून नाही, तर कुणीतरी ओळखीच्या माणसाची चौकशी केली म्हणून. "चांगली आहे," ती म्हणाली. मुलीचा आवाज इतका स्वच्छ आहे हेही बाईंना ठाऊक नव्हतं. "माझ्यासारखी आहे का?" मुलीनं त्यांना नीट न्याहाळलं आणि समजूतदारपणे मान हलवली. "तुमच्याहून तरुण आहे ती." बाईंना एकदम हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती बाई मीच, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिला पटलं नसतं, आणि पटवण्याइतका पुरावा आपल्या गळ्यात आज उरलाय का, याची बाईंनाच खात्री नव्हती. "मग तू मुद्दाम का चुकतेस?" त्यांनी विचारलं. "बरोबर आलं की ती जाते," मुलगी म्हणाली. "चुकलं की थांबते." "आणि एकच का कमी?" "खूप चुकलं तर तिला वाईट वाटेल ना. तिला वाटेल, हिला काहीच येत नाही." बाई जरा जवळ सरकल्या. "आणि वर्गात मी विचारते तेव्हा? तेव्हा का गप्प?" हे उत्तर मुलीला अवघड नव्हतं. "गप्प राहिलं की तुम्ही थोडा वेळ माझ्यापाशी उभ्या राहता."

बाई मुलीला घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या, तर मावशी आधीच येऊन बसली होती. कपडे शिवण्याच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, बाहीला रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. "तुम्ही म्हणाल तसं, बाई," ती भडाभडा बोलू लागली. "मीपण गणितात ढच होते. घरी काही कमी केलेलं नाही हो तिला, पण मी सात वाजता येते, तोवर ती आणि टीव्ही. तिकडे तिचं भलं होणार असेल तर पाठवा." मोठ्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढलं. "सही करू नका," बाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "फॉर्म चुकलाय. मी चुकलेय. तिला सगळं येतं, दोनशे बारा वेळा येतं." आणि त्यांनी यादी उघडलेला टॅब टेबलावर ठेवून घडलं ते सांगितलं, स्वतःच्या आवाजाचं सांगताना अडखळल्या, पण सांगितलं. मोठ्या बाई कडक होत्या, वाईट नव्हत्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी यादी दोनदा वाचली. "विचित्र आहे खरं," त्या म्हणाल्या. "पण बाई, काल तुम्हीच लिहून दिलंत. आज हे. वरच्या ऑफिसला मी काय सांगू, मुलगी चुकते म्हणून हुशार आहे? तिनं बरोबर उत्तर दिलेलं मला दिसू द्या. एक तरी." आणि मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "सतरा आणि सहा किती गं?"

मुलीनं गळ्याजवळचं बटण तोंडात घेतलं. "बोल गं राणी," मावशी कळवळून म्हणाली. "येतंय ना तुला? मग बोल की!" मुलगी बोलेना. मोठ्या बाईंचा हात पेनाकडे गेला. बाईंना लख्ख दिसत होतं, तिच्या डोक्यात तेवीस केव्हाच येऊन बसलेत. आणि हेही दिसत होतं की ते तोंडातून काढणं म्हणजे तिच्या लेखी कुणाला तरी निरोप देणं. उपदेश करून ते सुटणार नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मुलीच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. मुलगी त्यांच्या कानाशी वाकली. "बरोबर सांगितलं तर तुम्ही जाल?" बाईंनी तो जुना आवाज आठवून पाहिला, आतून ओढून काढायला गेल्या, पण निघाला तो रोजचाच, खडूनं चरचरीत झालेला. "नाही जात. बसलेय." मुलीनं खात्री करून घेतली. बाईंच्या पायांकडे पाहिलं, खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं. बाईंनी पर्स काढून जमिनीवर ठेवली. "तेवीस," मुलगी म्हणाली.

"बरोबर," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि मुलीची मान गर्रकन बाईंकडे वळली. बाई होत्या तिथंच होत्या. "एक्केचाळीसातून सोळा?" "पंचवीस." पुन्हा मान वळली, पुन्हा बाई तिथंच. "छप्पन्न आणि सदतीस?" हे तर दुसरीच्या पुस्तकात शेवटच्या पानावर होतं. "त्र्याण्णव." या खेपेला मुलीनं वळून पाहिलं नाही. मावशीनं तोंडावर हात ठेवला आणि तिला रडू कोसळलं. "पुरे, पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पटलं मला," आणि त्यांनी फॉर्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली, खाली सही केली, कपाटाची किल्ली शोधू लागल्या. मावशीनं डोळे पुसले, मुलीचं दप्तर उचललं, "चल गं, बस चुकेल." काम झालं होतं, सगळे उठले. बाई तेवढ्या उठल्या नाहीत. मुलीचा हात आपल्या हातात होता हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि तो गरम होता. बरोबर आलेल्या पोराला काय सांगायचं असतं, हे सव्वीस वर्षांत त्यांना माहीत नव्हतं आणि आताही नव्हतं. म्हणून त्यांनी सांगितलं नाही, विचारलं. "त्र्याण्णव कसे काढलेस गं?"

हा प्रश्न मुलीला आजवर कुणीच विचारला नव्हता, यंत्रानंही नाही. मग ती पुन्हा खुर्चीत नीट बसली, पाय वर घेतले आणि सांगू लागली. छप्पन्नाचे आधी साठ कसे करायचे, त्यासाठी चार कुणाकडून घ्यायचे, आणि ते दिल्यावर सदतीसाकडे काय उरतं. मावशी दप्तर घेऊन दारात थांबली. सांगायला मुलीला बराच वेळ लागला.